पाचर

सव्वानऊला पोचले, न कळवता.
आमच्या नोकरीत तेवढीच एक कला.
बेलवर बोट ठेवायच्या आधी आतून आरोळी आली,
"थर्मामीटरवाली!"

वेल्सच्या उत्तरेचं हे गाव पाटीच्या दगडावर उभं आहे.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगीसुद्धा.
खाण बंद पडली, दगड उरला.

न्हाणीघरातला नळ: बेचाळीस अंश. ठीक.
औषधांचं कपाट: कुलूप आहे, किल्ली लोवरीच्या गळ्यात. ठीक.
फ्रिजमध्ये दूध, त्यावर ग्विलिमच्या अक्षरात चिठ्ठी:
"हात लावू नये. तपासनीसानंसुद्धा."
मी हात लावला नाही. वाकून वास घेतला.
खिडक्या दहा सेंटिमीटर उघडतात.
तेवढ्यातून माणूस पडत नाही,
पण माइरचा हात बाहेर जातो, टोस्टचा तुकडा घेऊन,
आणि बाहेर समुद्रपक्षी रांगेत थांबलेले.
हे कुठे लिहायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मागची बोळ. सात नंबरचं दार
सताड उघडं.
खाली पाचर.
पाटीची, तळहाताएवढी, घासून गुळगुळीत.

"ती माझी," एमिर प्रिचर्ड म्हणाला.
वय एकसष्ट, स्वेटर उलटा.
"मागच्या पायरीवर चार दिवस घासली.
माइरला दार मिटलेलं चालत नाही."

लोवरीनं बाकीचं सांगितलं, भांडी विसळता विसळता:
टेकडीवरचं जुनं इस्पितळ, सव्वीस वर्षं,
आणि दाराला कडी फक्त बाहेरून.

मला आकडे पाठ आहेत.
मिटलेलं दार आगीला अर्धा तास अडवतं.
उघडं दार अडवत नाही.
किनाऱ्यावरच्या एका घरात मी गेले होते, नंतर.
एवढंच सांगते.

फॉर्मवर चौकट: "दार चौकटीत घट्ट बसते का?"
मी पाचर काढली.
दार आपलं आपण मिटलं, हळू,
शिकवलेल्या मुलासारखं.

आतून ओरडा नाही. मोजणं.
एक. दोन. तीन.
कुणी येईपर्यंत मोजायचं, ही तिची तिथली सवय.
अकरा. बारा.
एमिर माझ्याकडे बघत होता, दाराकडे नाही.
एकोणिसाला मी दार उघडलं.
घट्ट बसतं. होय.

लिहिलं: दाराला चुंबक बसवा,
एरवी धरून ठेवेल, घंटा झाली की सोडून देईल.
मुदत चौदा दिवस.
तोवर रात्री बोळीत खुर्ची, खुर्चीवर जागं माणूस.

"आग लागली हे चुंबकाला कोण सांगणार?"
घंटा, मी म्हटलं.
"आणि घंटा झोपली तर?"
मी शिडी मागवली
आणि घंटा पुन्हा तपासली. सगळ्या बोळींतल्या.

पाचर जप्त करताना त्यानं पावती मागितली.
असा कागद आमच्याकडे नसतो.
वहीचं पान फाडून लिहिलं:
"एक पाचर, पाटीची, एमिर प्रिचर्ड यांची.
परत केली जाईल." खाली सही, नेरिस.
त्यानं ती उलट्या स्वेटरच्या आत कुठेतरी ठेवली.

सतराव्या रात्री पुन्हा गेले, पावणेतीनला, न कळवता.
दार उघडं, चुंबकाला टेकलेलं.
आत माइर घोरत होती.
खुर्चीवर लोवरी जागी, मांडीवर विणकाम.
शेजारी दुसरी खुर्ची, तिच्यावर एमिर,
तोही जागा.
काही न बोलता त्यानं कागद पुढे केला.

मी बॅग चाचपली. बाजूचा कप्पा. कोटाचे खिसे.
पाचर ऑफिसात होती, खणात, पंचावन्न मैलांवर.
"विसरले," म्हटलं.

"लिही मग."
मी पेन काढलं.
"चौदा दिवसांत आणून देते."

त्यानं विचार केला. बोळीच्या टोकापर्यंत जाऊन आला,
जाताना एका दाराची मूठ हलवून बघितली.
"सात," म्हणाला.
"आणि न कळवता येऊ नकोस. मी केक आणून ठेवतो."